बेगमपुरा असा का आहे? मकबरा, विद्यापीठ आणि मधल्या गल्ल्यांचं गणित

छत्रपती संभाजीनगरात रस्ता रुंदीकरणाची नुसती चर्चा निघाली तरी बीबी का मकबऱ्याशेजारच्या बेगमपुऱ्यात पहिला प्रश्न एकच येतो, आपलं घर कितव्या मीटरवर येतं? 2025 च्या पावसाळ्यात मनपानं शहरातल्या मोठ्या रस्त्यांवरची बांधकामं पाडायला घेतली तेव्हापासून तर जो तो मीटरचीच भाषा बोलायलाय. कोणी म्हणतं मकबऱ्यापासून 100 मीटर सगळं जाणार, कोणी म्हणतं 300, कोणी म्हणतं घराला साधा रंगसुद्धा देता येत नाही, आणि बाहेरच्या कॉलन्यांमधून येणारे लोक मकाई गेटमधून गाडी काढता काढता वैतागून म्हणतात की ही वस्ती अशी दाटीवाटीची का ठेवलीय, नीट प्लॅन करून का बांधत नाहीत.

यातल्या तीन-चार गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. रस्त्याचा नियम वेगळा, पुरातत्त्वचा नियम वेगळा, आणि शेजारच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठामुळं इथं जी खोल्यांची मागणी तयार झालीय ते तिसरंच प्रकरण. ते सुटं सुटं करून बघितलं तर बेगमपुरा असा का आहे हे कळतं, आणि माझं म्हणणं असं आहे की यात इथल्या लोकांचा दोष फार थोडा आहे. त्यांच्या एका बाजूला विद्यापीठ खोल्या मागतंय, दुसऱ्या बाजूला मकबरा घरांची उंची अडवतोय आणि तिसऱ्या बाजूला नदी आणि दरवाजे रस्ता आवळतायत. या तिन्हींपैकी एकही निर्णय बेगमपुऱ्यात बसून कोणी घेतलेला नाही.

पुरा म्हणजे काय ते आधी बघू

आपल्या शहराबद्दल लहानपणापासून ऐकत आलोय, बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे. पुरा म्हणजे मूळ शहराला लागून, बहुतेक वेळा कोटाच्या भिंतीबाहेर, एखाद्या सरदारानं किंवा राजघराण्यातल्या माणसाच्या नावानं वसवलेली वस्ती. मुघल फौजेबरोबर उत्तरेतले राजपूत सरदार दख्खनेत आले, वर्षानुवर्षं इथंच छावणी टाकून राहिले, मग त्यांच्या माणसांसाठी घरं, बाजार, देवळं, विहिरी असं सगळं उभं राहिलं. जयसिंगपुरा, भावसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही नावं त्यातूनच आली. विद्यापीठाला खेटून असलेला पहाडसिंगपुरा हा बुंदेलखंडच्या पहाडसिंगाचा, त्याचा सोनेरी महाल अजून डोंगराच्या पायथ्याला उभा आहे.

मूळ शहर मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी नावानं वसवलं. पुढं औरंगजेब इथं दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि शहराचं नाव औरंगाबाद झालं. त्याची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली, तिला राबिया-उद-दौरानी म्हणतात. तिची कबर म्हणजे आपला बीबी का मकबरा. त्याच्या बाजूला जी वस्ती वाढली ती बेगमपुरा. म्हणजे आज आपण म्हणतो की वस्ती मकबऱ्याला चिकटलीय, पण पूर्वी वस्ती आणि मकबरा एकाच व्यवस्थेचे भाग होते. एवढी मोठी वास्तू बांधायला आणि नंतर सांभाळायला माणसं लागतात, ती माणसं कुठंतरी राहणारच.

मकबऱ्याच्या दारावर वास्तुरचनाकार अताउल्ला आणि इंजिनिअर हंसपत राय यांची नावं कोरलेली आहेत. त्यातला अताउल्ला हा ताजमहालाच्या कामाशी जोडल्या गेलेल्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. खर्चाचा आकडा 6,68,203 रुपये आणि 7 आणे असा नोंदलेला आहे. शाळेच्या सहलीत गाईड एवढंच सांगतात की पैसा कमी पडला म्हणून संगमरवर अर्ध्यावर आला आणि वर चुन्याचा गिलावा केला, पण तो गिलावा एकदा जवळ जाऊन बघा, त्यातली नक्षी बघा, कमी पैशात काम करणाऱ्या हातांची करामत त्यात दिसते. त्याबद्दल कोणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

मधे नदी, म्हणून दरवाजे

बेगमपुरा आणि कोटाच्या आतलं जुनं शहर यांच्या मधून खाम नदी जाते. नदी ओलांडायला दगडी पूल, आणि पुलाच्या तोंडाशी शहराचा दरवाजा. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा, मकाई गेट आणि बारापुल्ला गेट, असे तिन्ही दरवाजे याच बाजूला आहेत. आज शहरातून मकबऱ्याकडं, विद्यापीठाकडं, लेण्यांकडं, पहाडसिंगपुऱ्याकडं जाणारी बरीचशी ट्राफिक याच दरवाज्यांतून किंवा त्यांच्या अगदी कडेनं जाते.

हे दरवाजे बांधले तेव्हा त्यांचं कामच मुळात गर्दी अडवायचं होतं. घोडेस्वार आणि बैलगाडी एका वेळी एक आत यावी, पहारेकऱ्याला बघता यावं आणि रात्री दार लावता यावं, यासाठी तोंड मुद्दाम अरुंद ठेवलेलं. आता त्याच तोंडातून सिटी बस, रिक्षा, पर्यटकांच्या गाड्या आणि सकाळी साडेनऊला विद्यापीठात निघालेली हजारो पोरं-पोरी जातात. अडकणारच. बेगमपुऱ्यातल्या माणसानं आपला ओटा चार फूट मागं घेतला तरी पुलावरचं तोंड तेवढंच राहतं, हे रुंदीकरणाच्या चर्चेत आधी सांगायला पाहिजे.

पाण्याची गोष्ट, कारण तिच्याशिवाय ही वस्तीच नसती

कोटाबाहेर एवढी वस्ती टिकली ती पाण्यामुळं. मलिक अंबरनं शहराला नहर दिली, नहर-ए-अंबरी, आणि तेच तंत्र वापरून पुढं कितीतरी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद अशाच नहरीवरचा, आणि पाणचक्कीची नहर तर सगळ्यांना माहिती आहे.

नहरीचं तंत्र अवघड वाटतं पण तसं नाहीये. गवंडी घराची लेव्हल काढायला पारदर्शक पाईपात पाणी भरतात बघा, पाईप मधे कितीही लोंबकळला तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, एक टोक जरा खाली केलं की तिथून पाणी बाहेर पडतं. नहर म्हणजे नेमकं हेच, फक्त पाईप मैलोनमैल लांब आणि मातीचा. डोंगराच्या बाजूला उंचावर पाणी गोळा करायचं, जमिनीखालून खापरी नळानं आणायचं, मधे खोलगट जमीन आली तरी पाणी दबावानं परत वर चढतं, आणि नळात हवा कोंडू नये म्हणून ठिकठिकाणी दगडी मनोरे उभे केलेले. मोटार नाही, वीज नाही. पाणचक्कीत हेच पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं आणि त्याच जोरावर खालचं जातं फिरायचं.

पाणचक्की हे बाबा शाह मुसाफिर या सुफी संताचं ठिकाण. चक्की 1744 ची मानली जाते, तुर्कताज खान नावाच्या सरदारानं बांधलेली. तिथं दळलेलं पीठ यात्रेकरूंना आणि फकिरांना खाऊ घालायला जायचं, शेजारी ग्रंथालय होतं, आणि हौदाच्या तळाखाली एक मोठा दालान आहे, वर पाणी असल्यामुळं उन्हाळ्यातसुद्धा गार. म्हणजे विद्यापीठ यायच्या दोनशे वर्षं आधी, बेगमपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, लांबून आलेल्या माणसाला राहायला गारवा, खायला भाकरी आणि वाचायला पुस्तक मिळायचं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आज बेगमपुरा विद्यार्थ्यांसाठी जे करतो ते यापेक्षा फार वेगळं नाही.

मग विद्यापीठ आलं

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हा इथल्या पोराला पुढं शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागायचं, उस्मानिया विद्यापीठ 1918 चं, शिक्षण उर्दूतून. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर दोनच वर्षांत, 1950 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. 1 सप्टेंबर 1951 ला इमारतीची कोनशिला बसवायला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद आले होते. तो परिसर नागसेनवन. बाबासाहेबांनी जागा निवडली ती शहराच्या या बाजूची, डोंगर आणि लेण्यांच्या जवळची, त्या वेळी माळरानच होतं ते.

23 ऑगस्ट 1958 ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. कॅम्पस 700 एकरांहून मोठा, मागं औरंगाबाद लेणीचा डोंगर, बाजूला गोगाबाबा टेकडी आणि हनुमान टेकडी. तेव्हा मराठवाड्यात पाचच जिल्हे, औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद, आणि पाचही जिल्ह्यांचं हे एकच विद्यापीठ. नांदेडला वेगळं विद्यापीठ व्हायला 1994 उजाडलं. म्हणजे 36 वर्षं देगलूर-किनवटपासून आष्टी-परांड्यापर्यंतच्या पोरांना एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. करायची असली की वाट एकाच गेटकडं यायची, आणि गेटच्या सगळ्यात जवळची जुनी वस्ती कोणती, तर बेगमपुरा आणि पहाडसिंगपुरा.

त्या गेटबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 ला मंजूर केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, पोचिराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. 1979 मध्ये नामांतरासाठी नागपूरहून लाँग मार्च निघाला. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला, ठराव झाल्यापासून साडेपंधरा वर्षं. दर 14 जानेवारीला गेटसमोर जी गर्दी होते, आई-वडील लेकरांना कडेवर घेऊन गेटला हात लावायला येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, ती गर्दी कशासाठी आहे हे कळल्याशिवाय हा भाग कळत नाही. ज्यांच्या घरात पहिल्यांदा कोणीतरी पदवी घेतली ती पदवी बहुतेक या गेटमधून आली. आणि गेटच्या आत हॉस्टेल नाही मिळालं तर ते पोरगं रात्री झोपायला कुठं गेलं, तर याच गल्ल्यांमध्ये.

एका खोलीचं गणित

समजा माजलगाव किंवा मंठ्याकडचं एक पोरगं आहे, घरी दोन एकर कोरडवाहू, एम.ए.ला ॲडमिशन झाली, सोबत एमपीएससीचा अभ्यास. हॉस्टेलच्या यादीत नाव आलं नाही. सिडको-हडकोकडं फ्लॅटचं भाडं आणि डिपॉझिट परवडत नाही, शिवाय तिथून रोज रिक्षा. मग ते बेगमपुऱ्यात येतं. इथं खोली कॉट बेसिसवर मिळते, म्हणजे खोलीचं भाडं एकट्यावर न येता खाटेवर येतं. दहा बाय दहाच्या खोलीत तीन खाटा, प्रत्येक खाटेखाली पत्र्याची पेटी, पेटीत गावाकडून आणलेलं ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि नोट्स. भिंतीवर चालू घडामोडींचे कागद आणि महाराष्ट्राचा नकाशा. संडास-बाथरूम खाली, सगळ्या मजल्याला मिळून एक. वर पत्रे, त्यामुळं एप्रिल-मे मध्ये दुपारी खोलीत बसवत नाही, मग सगळे अभ्यासिकेत नाहीतर कॅम्पसमधल्या झाडाखाली. पहाटे पोलीस भरतीची पोरं टेकडीकडं पळायला निघतात, त्यांच्या आवाजानं बाकीच्यांना जाग येते. दुपारी एस.टी.नं घरचा डबा येणार असला की एक जण मध्यवर्ती बसस्थानकावर जातो आणि चौघांचे डबे घेऊन येतो.

खाली मालकाचं कुटुंब राहतं. मालकीण कधी खाला असते, कधी काकू, कधी नुसती मावशी. भाडं महिन्याच्या महिन्याला पाहिजे हे खरंच, तिचं घरही त्याच्यावरच चालतं, पण स्कॉलरशिप अडकलीय असं सांगितलं की, "ठीक है बेटा, आने के बाद दे," म्हणणाऱ्या मालकिणी याच गल्ल्यांत भेटतात. समाज कल्याणच्या हॉस्टेलला नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, पण पैसे खात्यात यायची तारीख आणि भाडं द्यायची तारीख कधीच जुळत नाही, मधला सगळा भार घरमालक, मेसवाला आणि किराणावाला यांच्या उधारीवर असतो. विद्यापीठाच्या कुठल्याच अहवालात ही उधारी दिसत नाही. मराठवाड्यातल्या गरीब घरातलं पोरगं या शहरात शिकू शकलं त्यात बेगमपुऱ्याच्या उधारीचा वाटा आहे असं मी म्हणतो आणि ठामपणे म्हणतो.

आता यातली अडचण बघा. विद्यार्थी दरवर्षी येत राहतात, खोल्यांची मागणी वाढते, जागा तेवढीच. साधा उपाय काय, तर घर वर वाढवणं. आणि नेमकं तिथंच मकबऱ्याचा कायदा आडवा येतो.

100 मीटर आणि 200 मीटर, नीट समजून घ्या

बीबी का मकबरा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. अशी देशात साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं आहेत आणि सगळ्यांना एकच कायदा लागू, 1958 चा. त्यात 2010 मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि दोन पट्टे पक्के झाले.

पहिला पट्टा, स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटर. याला प्रतिबंधित क्षेत्र म्हणतात. इथं नवीन बांधकाम करता येत नाही. दुसरा पट्टा, त्याच्या पुढचे 200 मीटर. याला नियंत्रित क्षेत्र म्हणतात. इथं बांधकाम करता येतं पण आधी परवानगी पाहिजे. लोक जो 300 चा आकडा सांगतात तो या दोन पट्ट्यांची बेरीज आहे, 300 मीटरपर्यंत सगळ्याला बंदी असं कायद्यात कुठंच नाही.

मोजायचं कुठून? इथं भल्याभल्यांचा गोंधळ होतो. घुमटापासून नाही, संरक्षित हद्दीपासून. मकबऱ्याचा परकोट साधारण 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद आहे. परकोटाची भिंतच हद्द धरली तर तिच्या चारी बाजूंनी 100 मीटरचा पट्टा म्हणजे जवळपास 44 एकर, आणि दोन्ही पट्टे मिळून जवळपास 178 एकर जमीन होते. यात शेतं आहेत, मोकळी जागा आहे, रस्ते आहेत आणि लोकांची घरंही आहेत. त्यामुळं घुमट लांब दिसतो म्हणून आपण सुटलो असं समजू नका, आणि घुमट जवळ दिसतो म्हणून घाबरूनही जाऊ नका, आपल्या घरापासून हद्दीपर्यंत खरं अंतर मोजून घ्या.

आता पहिल्या पट्ट्यात घर असेल तर काय करता येतं? दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन, जर ते घर 16 जून 1992 च्या आधीचं असेल किंवा नंतर रीतसर परवानगीनं बांधलेलं असेल. ही तारीख लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी या पट्ट्यांची पहिली अधिसूचना निघाली. गळका पत्रा बदलणं, पडकी भिंत सावरणं, फरशी, गिलावा हे दुरुस्तीत येतं. घर पूर्ण पाडून त्याच मापाचं परत बांधणं याला कायदा पुनर्बांधणी म्हणतो आणि ती दुरुस्तीत धरत नाही. एक मजला चढवणं किंवा बाजूनं खोली काढणं हे तर सरळ नवीन बांधकाम झालं, जुन्याच घरावर असलं तरी. म्हणून पहिल्या पट्ट्यातल्या घराला विद्यार्थ्यांसाठी वरचा मजला काढायचा असेल तर कायदेशीर रस्ताच नाही, आणि मग वर लोखंडी अँगल उभे करून पत्रे ठोकले जातात, कारण पत्रा उद्या काढता येईल अशी आशा असते. पण ते पत्र्याचं शेडसुद्धा बांधकामातच धरलं जाऊ शकतं. विनापरवाना बांधकामाला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. नाल्या, ड्रेनेज, सार्वजनिक संडास, लोकांसाठी पाण्याची लाईन आणि विजेची लाईन ही कामं कायद्यानं बांधकामाच्या व्याख्येतूनच बाहेर ठेवलेली आहेत. तेव्हा मकबरा जवळ आहे म्हणून ड्रेनेज होत नाही असं कोणी सांगत असेल तर त्याला कायद्याची व्याख्या दाखवा.

"आमची घरं पिढ्यान्‌पिढ्यांची, मग नियम आम्हालाच का?"

हा आक्षेप खरा आहे आणि त्यातला राग मला पटतो. पण नियमामागं कारणं आहेत. जुन्या वास्तूचा पाया आणि तिच्याभोवतीचं पाणी यांचा जवळचा संबंध असतो, शेजारी खोल पाया खणला किंवा बोअर मारले तर जमिनीतलं पाणी हलतं. जमिनीखाली जुन्या नहरी, हौद, भिंती असू शकतात, जेसीबीनं एकदा उखडलं की गेलं. आणि मकबऱ्याची रचनाच अशी आहे की मागं डोंगर आणि वर आकाश दिसलं पाहिजे, चार बाजूंनी सहा मजली इमारती उभ्या राहिल्या तर तो मकबरा राहणार नाही.

चूक कुठंय, तर सरसकटपणात. गावाबाहेरच्या माळावरचा एकटा बुरूज आणि दाट वस्तीतला मकबरा, दोघांना एकच 100 मीटर. कायद्यातच लिहिलंय की प्रत्येक स्मारकासाठी वेगळी वारसा उपविधी करायची, म्हणजे या स्मारकाच्या या बाजूला एवढी उंची चालेल, त्या बाजूला एवढी, असं स्थानिक पाहणीवर ठरवायचं. देशातल्या बऱ्याच स्मारकांसाठी त्या अजून झालेल्या नाहीत. संसदेच्या स्थायी समितीनंही या अंतरांचा फेरविचार करायला सांगितलंय. तोवर भोगतंय कोण, तर ज्याच्या घराला खरंच दुरुस्तीची गरज आहे तो.

"दरवाजेच पाडा, रस्ता मोकळा करा"

दरवाजा पाडून सुटणारं हे कोडं नाही, कारण दरवाज्याच्या पुढं जुना पूल आहे आणि पुलाच्या पुढं गल्ली. पुलाशेजारी नवीन पूल घेऊन गाड्या बाजूनं वळवायच्या आणि दरवाजा पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायचा हा मार्ग जास्त शहाणपणाचा. शिवाय विद्यापीठाकडं जाणारा मोठा लोंढा याच तीन तोंडांतून जातो तो इतर रस्त्यांवर कसा वाटता येईल ते आधी बघायला पाहिजे. रुंदीकरणाची मोजणी आणि पुरातत्त्वची मोजणी या दोन वेगळ्या यंत्रणांच्या आहेत हेही लक्षात असू द्या. पुरातत्त्वच्या पट्ट्यात घर आहे म्हणून ते रस्त्यात जातं असं नाही, आणि गुंठेवारीची, म्हणजे विनापरवाना प्लॉट-घर नियमित करायची फाईल मनपानं मंजूर केली म्हणून पुरातत्त्वची परवानगी मिळाली असंही होत नाही.

"पोरांमुळं वस्ती बिघडली"

हे जुन्या रहिवाशांमध्ये ऐकू येतं, रात्री गोंगाट, गाड्यांची गर्दी, कचरा. गोंगाट खराय. पण गल्लीतली दुकानं बघा, झेरॉक्स, टायपिंग, मेस, पोहे-चहाचा गाडा, जुनी पुस्तकं, मोबाईल रिपेअर, कपडे इस्त्री. उन्हाळी सुट्टीत पोरं गावाकडं गेली की यातली निम्मी दुकानं दुपारीच बंद होतात. वस्तीची रोजीरोटी आता विद्यापीठाच्या टाईमटेबलवर चालते, आणि ते तोडून जुना बेगमपुरा परत आणता येणार नाही.

मग घरवाल्यानं आता काय करायचं

सगळ्यात आधी पीआर कार्ड (प्रॉपर्टी कार्ड) आणि जुनी घरपट्टी, लाईट बिलं शोधून ठेवा, कारण घर 1992 च्या आधीचं आहे हे तुम्हालाच सिद्ध करायचंय. मग दुरुस्तीचा किंवा नियंत्रित पट्ट्यातल्या बांधकामाचा अर्ज करा, तो ऑनलाईन भरता येतो. कायद्यात मुदती दिलेल्या आहेत. सक्षम अधिकाऱ्यानं अर्ज 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडं पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत शिफारस द्यायची, आणि शिफारस मिळाल्यावर एका महिन्यात तुम्हाला निर्णय कळवायचा. मुदत उलटली तर लेखी विचारा, तोंडी नको. एजंटाला पैसे देऊन, "साहेबांशी बोलून घेतो," यावर विसंबून स्लॅब टाकू नका, स्लॅब पाडायला आले तर एजंट तिथं नसतो.

हे झालं घरवाल्यांचं. पण मला विचाराल तर खरी दोन कामं वरच्यांची आहेत. पहिलं, 100 आणि 300 मीटरच्या रेषा सिटी सर्व्हेच्या नकाशावर काढून तो नकाशा वॉर्ड ऑफिसात आणि बेगमपुऱ्यातल्या चौकात लावणं, म्हणजे प्रत्येकाला आपला नंबर बघता येईल आणि अफवांचा बाजार थांबेल. दुसरं, विद्यापीठाकडं 700 एकरांवर जागा आहे, तिथं आणखी हॉस्टेल बांधणं, मुलींसाठी आधी. तसं झालं तर पत्र्याखालच्या तिसऱ्या खाटेची गरज कमी होईल, घरमालकालाही बेकायदा मजला चढवायचा मोह राहणार नाही, आणि जे विद्यार्थी तरीही बेगमपुऱ्यातच राहायचं ठरवतील त्यांना खोलीत निदान एक खिडकी तरी मिळेल.